भागायचे कितीने?

वज्रेश्वरीहून भिवंडीच्या रस्त्याला लागलो की भात कापून मोकळ्या झालेल्या शेतांत दिवाळीनंतर वीटभट्ट्या दिसू लागतात. चैत्रात देवीच्या जत्रेला माणसे लोटतात तेव्हा हा हंगाम भरात असतो. कुठल्याही भट्टीवर जाऊन मालकाला विचारा, "शेठ, वीट काय पडते?" हजाराचा आकडा तोंडावर तयार असतो. मग पुढचा प्रश्न टाका, "हजार म्हणजे कोणत्या? पाडलेल्या, भाजलेल्या, की गाडीत चढलेल्या?" यावर शेठ हसतो आणि चहा मागवतो.

हे पुस्तक त्या चहानंतरच्या गप्पांतून जन्मले आहे.

'काय पडते' हा आपल्या भाषेतला फार जुना आणि नेमका प्रश्न. भिवंडीच्या बाजारातला गुजराती व्यापारी त्यालाच 'पडतर' म्हणतो. वाणिज्य शाखेच्या पाठ्यपुस्तकात तोच प्रश्न 'प्रक्रिया परिव्ययांकनातील प्रति एकक सरासरी परिव्यय' असा भारदस्त पोशाख घालून येतो आणि मुले त्याला ओळखत नाहीत. मी बरीच वर्षे हा विषय शिकवला, त्याहून जास्त वर्षे लूमवाले, सायझिंगवाले, भट्टीवाले यांच्या वह्या चाळल्या. दोन्हीकडे एकच गोष्ट पाहिली. एकूण खर्चाची बेरीज कोणीही करतो. माती, कोळसा, सूत, वीज, मजुरी यांची बिले असतात, नसली तरी आठवण असते. घोळ होतो तो भाजकाशी. या सगळ्या खर्चाला भागायचे कितीने, इथे विद्यार्थी पाठांतरावर जातो आणि मालक अंदाजावर.

भट्टीचेच उदाहरण घेऊ. आकडे सोयीचे, समजुतीपुरते आहेत. समजा एक लाख कच्च्या विटा पाडल्या आणि माती, राख, तूस, पाणी, मजुरी धरून वाळवणीपर्यंत दोन लाख रुपये गेले. भागाकार केला तर वीट दोन रुपयांना पडली. पण दरसाल शंभरात पाच विटा तडकतात, कुत्री-गुरे तुडवतात, काठ मोडतात. हे होणारच आहे, कोणी कितीही जपले तरी. म्हणजे एक लाखातून ९५ हजार मिळणार हे आधीच ठाऊक आहे, आणि तडकलेल्या पाच हजारांचा खर्च उरलेल्यांनीच उचलायचा. दोन लाखांना ९५ हजारांनी भागले की वीट दोन रुपये साडेदहा पैशांना पडते. ही झाली सामान्य घट.

आता एप्रिलमध्ये एका संध्याकाळी अवकाळी पाऊस येतो आणि वाळत घातलेल्या आणखी दहा हजार विटांचा चिखल होतो. हाती उरल्या ८५ हजार. आता भागायचे कितीने? मालकाचा हात आपोआप ८५ हजारांकडे जातो आणि वीट दोन रुपये ३५ पैशांना पडल्याचे तो सांगतो. हजारामागे सुमारे २४८ रुपयांचा फरक. तो भाव वाढवून मागतो आणि गिऱ्हाईक शेजारच्या भट्टीवर जाते, कारण तिथे पाऊस झाला नव्हता किंवा प्लास्टिक वेळेवर पडले होते. शास्त्र सांगते की पावसाने नेलेल्या दहा हजार विटांनाही तोच दोन रुपये साडेदहा पैशांचा दर लावा, होणारे सुमारे २१ हजार रुपये सरळ नफातोटा खात्यात टाका आणि उरलेल्या विटांचा दर बिघडवू नका. पाऊस हा विटेचा खर्च नव्हता. त्या वर्षीच्या नशिबाचा होता. भारतात हिशेबाचे जे लेखामानक दोन आहे, मालसाठ्याच्या मूल्यांकनाचे, तेही असामान्य नासाडी मालाच्या किमतीत धरू देत नाही.

वहीत जागा नसलेली एक गोष्ट इथेच सांगतो. चिखल झालेल्या त्या दहा हजार विटा पाडणाऱ्या कातकरी कुटुंबाची मजुरी कुठल्या खात्यात गेली? मजुरी हजारी विटांवर ठरते, मोजणी विटा वाळल्यावर होते आणि मोजणीआधी पाऊस आला तर अनेक भट्ट्यांवर त्या विटा मोजल्याच जात नाहीत. म्हणजे असामान्य घटीचा एक मोठा हिस्सा मालकाच्या खात्यात येतच नाही, तो मजुराच्या बयाण्यात चढतो. दिवाळीला घेतलेला बयाणा, आठवड्याची खर्ची आणि हंगामाअखेरचा हिशेब यांचे गणित वेठबिगारीकडे कसे जाते, हे या पट्ट्याला नवीन नाही. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ चा, आणि वज्रेश्वरीजवळच्या उसगावातून श्रमजीवी संघटनेने याच माणसांसाठी लढे दिले. परिव्ययाच्या पुस्तकात हे कशाला, असे एका स्नेह्याने विचारले. ज्या खर्चाचा भार कोणी उचलला हेच कळत नाही, त्याची सरासरी काढून काय मिळणार, असे मी त्यांना विचारले. त्यांना ते फारसे पटले नाही.

आता विषयाची हद्द. लग्नपत्रिका छापणारा छापखाना प्रत्येक कामाचा वेगळा कागद करतो. अमुक घरच्या पाचशे पत्रिका, अमुक खर्च. तिथे सरासरीची गरज नसते. पण साखर, सिमेंट, रंग, दूध, सूत, कापड असा माल वाहता असतो. एक पोते दुसऱ्यासारखेच, कुठले कोणाचे हे सांगता येत नाही. माल एका खात्यातून दुसऱ्यात सरकतो, पहिल्या खात्याचा तयार माल म्हणजे दुसऱ्याचा कच्चा माल, आणि खर्चही त्याच्याबरोबर पुढे वाहतो. अशा ठिकाणी प्रत्येक टप्प्याचे खाते मांडून त्या टप्प्यावरची सरासरी काढणे म्हणजे प्रक्रिया परिव्ययांकन. एवढीच व्याख्या. बाकी सगळा तपशील.

हा तपशील मात्र जुना आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात कोष्ठागाराध्यक्षाच्या प्रकरणात कुठले धान्य कांडल्यावर, भरडल्यावर, शिजवल्यावर किती उरते किंवा किती वाढते याची लांबलचक मोजमापे आहेत. तिळातून तेल चौथा हिस्सा निघावे, जवसातून सहावा, असे प्रमाण दिले आहे. ही वाढ-घट अध्यक्षाने स्वतः पाहून घ्यावी, असेही सांगितले आहे. सामान्य घटीचा तक्ता याहून वेगळा काय असतो? मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी या ग्रंथाची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली ती राज्यशास्त्रवाले वाचतात. हिशेबवाल्यांनी दुसरे अधिकरण तरी वाचावे, असे मी दरवर्षी वर्गात सांगत आलो.

युरोपात या विद्येला धार आली ती मंदीने. इंग्लंडातला चिनी मातीच्या भांड्यांचा कारखानदार जोसाया वेजवुड याने १७७२ च्या मंदीत आपल्या फुलदाण्या नेमक्या काय पडतात ते पहिल्यांदा मुळापासून तपासले. कारखाना चालो न चालो होणारा खर्च जास्त नगांवर पसरला की नग स्वस्त पडतो हे त्याला तेव्हा उमगले, आणि जाता जाता कारकुनाची अफरातफरही सापडली. १८३२ मध्ये चार्ल्स बॅबेजने, तोच तो गणकयंत्रवाला, टाचणी बनवण्याचा एकेक टप्पा, त्याचा वेळ आणि मजुरी यांचा तक्ता छापला. गार्के आणि फेल्स यांचे कारखान्याच्या हिशेबाचे पुस्तक १८८७ चे. पुढे अमेरिकेत अभियंत्यांनी 'किती पडले' याच्या आधी 'किती पडायला हवे' हा प्रश्न आणला आणि प्रमाण परिव्ययाचा पंथ सुरू झाला. मग सीमान्त परिव्ययवाले आले. त्यांचे म्हणणे, भाडे आणि पगार यांना नगांनी भागूच नका, ते महिन्याचे आहेत, नगाचे नाहीत. जॉन्सन आणि कॅप्लन यांनी १९८७ मध्ये सगळ्यांनाच झापले की तुमचे आकडे ताळेबंदासाठी आहेत, निर्णयासाठी निरुपयोगी. त्यातून खर्चाचे खरे कारण शोधणारी, कामानुसार खर्च वाटणारी पद्धत रुजली. एकेक पंथ म्हणजे एकेक वेगळा भाजक आहे, असे पाहिले तर ही सगळी भांडणे पटकन समजतात.

आपल्याकडे या विद्येची संस्था १९४४ मध्ये कोलकात्यात सुरू झाली आणि १९५९ च्या कायद्याने तिला मान्यता मिळाली. पण महाराष्ट्रात हा विषय खऱ्या अर्थाने राबला तो गिरणगावात. कावसजी दावर यांची पहिली सूतगिरणी १८५४ ची. त्यानंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत मुंबईच्या संयुक्त गिरण्या म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या 'प्रक्रिया अ, प्रक्रिया ब, प्रक्रिया क' यांचा चालताबोलता नमुना होत्या. ब्लोरूममध्ये कापूस, मग कार्डिंग, रिंग, वाइंडिंग, सायझिंग, साचेखाते, रंगखाते. एका छताखाली, एका मालकाची, एकाच खतावणीतली खाती. कापसाची धूळ उडाली की तीही मोजलेली असे.

१८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या उठल्या, कापड काही उठले नाही. ते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर आधीच पसरत होते, आता पुरते गेले. भिवंडीत सूत एकाचे, सायझिंग दुसऱ्याचे, माग तिसऱ्याचे, ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाचा व्यापारी चौथा आणि रंगाई-छपाईला तर माल बालोतरा, पालीपर्यंत जातो. गिरणीतली खाती एकमेकांपासून सुटून वेगवेगळ्या मालकांच्या घरी गेली. पूर्वी जो आकडा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वर्ग होत असे, तो आता जॉबवर्कचे बिल म्हणून येतो, आणि त्यात समोरच्याचा नफा, उधारीचे व्याज, थोडी थाप असे सगळे मिसळलेले असते. पाठ्यपुस्तके अजून गिरणीवरच थांबलेली आहेत. आमच्या विद्यार्थ्यांच्या घरी चार माग आहेत आणि परीक्षेत ते संयुक्त गिरणीचे गणित सोडवतात.

मागावरच्या माणसाने मात्र आपला भाजक कधीच शोधून ठेवला आहे. इचलकरंजीत विणकराची मजुरी '५२ पिकाला मीटरमागे इतके पैसे' अशी ठरते. पिक म्हणजे इंचात बसणारे बाण्याचे धागे. कापड विरळ असेल तर मीटर लवकर निघतो, दाट असेल तर उशिरा. म्हणून मीटर मोजून मजुरी दिली तर दाट कापड विणणारा मरतो. ५२ पिकांचा मीटर हे माप धरले की ४० पिकांचे आणि ६० पिकांचे कापड एका तराजूत येते. शहाण्यांच्या भाषेत याला समतुल्य एकक म्हणतात. कॉलेजात जे प्रकरण मुलांना सर्वांत अवघड जाते, ते विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आणलेल्या त्या गावात पगाराच्या दिवशी कोणीही सोडवतो.

उलट फसवणारा भाजक सायझिंगमध्ये भेटतो. ताण्याच्या सुताला खळ लावली की बीमचे वजन वाढते. सूत शंभर किलो गेले आणि बाहेर आले एकशे आठ-दहा किलो. नवशिका एकूण खर्चाला वाढलेल्या किलोंनी भागतो आणि सूत स्वस्त पडल्याचा आनंद मानतो. पुढे कापड धुलाईला गेले की ती सगळी खळ पाण्याबरोबर गटारात जाते, आणि आनंदही.

समतुल्य एककाशिवाय काय होते ते मी स्वतः भोगले आहे. उमेदीच्या काळात एका रंगाई कारखान्यात हिशेबनीस होतो. महिनाअखेरीला हौदात, रंगाईच्या जेट यंत्रात, वाळवणीच्या रोलवर अर्धवट कापड पडलेले असे. ते 'पुढच्या महिन्यात धरू' असा तिथला रिवाज, आणि मी नवा म्हणून तो मुकाट्याने पाळला. त्या महिन्याच्या आकड्यावर मालकांनी एका मोठ्या ऑर्डरचा भाव दिला, तो बाजाराच्या कितीतरी वर गेला आणि ऑर्डर हातची गेली. चूक काय होती ते कळायला मला दोन वर्षे आणि एक परीक्षा लागली.

तसलेच एक गणित इथे मांडतो, आकडे बदलून. महिन्याच्या सुरुवातीला २,००० मीटर कापड ४० टक्के काम झालेल्या अवस्थेत शिल्लक. त्यात ६०,००० रुपयांचे ग्रे कापड आणि ८,००० रुपयांची प्रक्रिया गुंतलेली. महिन्यात १८,००० मीटर नवे कापड घातले, ५,७६,००० रुपयांचे, आणि प्रक्रियेवर १,७२,००० रुपये खर्चले. महिनाअखेरीला १६,००० मीटर तयार, ४,००० मीटर अर्ध्यावर. कापड आटण्याचा भाग सोयीसाठी सोडून देऊ. एकूण खर्च ८,१६,००० रुपये. तयार मालानेच भागले तर मीटर ५१ रुपयांना पडतो. हीच माझी ती चूक. अर्धवट मालही पूर्ण धरून २०,००० ने भागले तर ४० रुपये ८० पैसे. हा उलट्या बाजूचा, जास्त गोड आणि म्हणून जास्त धोक्याचा आकडा. खरी रीत अशी की कापड आणि प्रक्रिया यांचे भाजक वेगळे धरायचे. कापड सुरुवातीलाच पूर्ण घातले आहे, म्हणून ६,३६,००० भागिले २०,०००, म्हणजे ३१ रुपये ८० पैसे. प्रक्रिया मात्र १६,००० मीटरवर पूर्ण आणि ४,००० वर अर्धी, म्हणजे १८,००० मीटरच्या तोलाची. १,८०,००० भागिले १८,०००, म्हणजे १० रुपये. मीटर पडला ४१ रुपये ८० पैशांना.

ही भारित सरासरी. जुना आणि नवा माल एकाच हौदात ढवळून टाकते. 'आधी आलेला आधी गेला' म्हणणारी दुसरी पद्धत जुन्या दोन हजार मीटरांचा मागच्या महिन्याचा खर्च वेगळा ठेवते आणि फक्त या महिन्याचे काम मोजते: कापड ३२ रुपये, प्रक्रिया १७,२०० मीटरच्या तोलावर १० रुपये, एकूण ४२. वीस पैशांचा हा फरक कुठून आला? ग्रे कापड मागच्या महिन्यात ३० रुपयांना होते, या महिन्यात ३२ झाले, तिथून. प्रक्रियेचा दर दोन्हीकडे दहाच आहे. भाव चढते असतील तर दुसरी पद्धत आजचा बाजार जास्त खरा दाखवते आणि खाते सुधारते आहे की बिघडते आहे तेही सांगते. पहिली सोपी आहे, हेलकावे कमी करते. लेखामानक दोन्ही मान्य करते, 'शेवटी आलेला आधी गेला' मात्र मानत नाही. माझे मत विचाराल तर सुताचे भाव आठवड्याला हलतात अशा भिवंडीत भाव देताना दुसरी वापरावी. ताळेबंदाला कुठलीही एक, पण दरवर्षी तीच.

साखरेच्या वाटेला फार जात नाही, तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ होईल. एवढेच सांगतो की तिथे एकाच उसातून साखर, मळी, बगॅस निघते आणि एक खर्च तिघांत वाटायचा असतो. उसाचा रास्त भाव सध्या १०.२५ टक्के उताऱ्याला बांधलेला आहे. इथेनॉलकडे रस किंवा साखर पुरती न काढलेली मळी वळवली की साखरेचा उतारा कागदावर घटतो, म्हणजे पुन्हा भाजक हलतो. सभासदांच्या वार्षिक सभेत जे आवाज चढतात त्यांतले निम्मे या वाटणीवरून.

आज हा विषय छोट्या कारखानदाराने का शिकावा? कायदा त्याला सांगणार नाही. परिव्ययाच्या नोंदी ठेवण्याची सक्ती ३५ कोटी किंवा त्याहून अधिक उलाढाल असलेल्या ठरावीक उद्योगांतील कंपन्यांना आहे. चार मागांच्या मालकाला कोणी विचारत नाही. बँक मात्र विचारते. कॅश क्रेडिटसाठी दरमहा साठ्याचे पत्रक द्यावे लागते आणि त्यात अर्धवट मालाचा रकाना असतो. तिथे बहुतेक जण मागच्या महिन्याचा आकडा थोडा इकडे-तिकडे करून लिहितात. आणि आता मोबाइलवर हिशेबाची अॅपे आली आहेत. ती सरासरी क्षणात काढून देतात, पण घट किती टक्के धरायची, माल कितपत झाला आहे, वीज नसलेल्या दिवसांचे भाडे कापडावर चढवायचे की नाही, हे आधी कोणीतरी भरून दिलेले असते. कोणी, हे सहसा मालकाला ठाऊक नसते.

हे पुस्तक त्या भरून देणाऱ्या माणसासाठी आहे: वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, मुनीम, आणि संध्याकाळी वही घेऊन बसणारी मालकीण. गणिते भट्टी, माग, रंगाई आणि दूध संकलन यांतली आहेत. 'प्रक्रिया अ' कुठेही सापडणार नाही. प्रत्येक गणित चुकीच्या भाजकाने आधी सोडवले आहे आणि मग त्या चुकीची किंमत रुपयांत काढली आहे. परीक्षेच्या दृष्टीने ही रीत लांबलचक वाटेल. परीक्षेसाठी छोटी पुस्तके बाजारात पुष्कळ आहेत. कर, जीएसटी, मोठ्या कंपन्यांची संगणक प्रणाली यांना हात लावलेला नाही. परिभाषेत 'परिव्यय' ठेवला, कारण प्रश्नपत्रिकेत तो येतो, पण समजावताना 'पडते' हेच क्रियापद वापरले आहे. काही प्राध्यापक मित्रांना ते हलके वाटले.

हस्तलिखित छापायला देण्याआधी भट्टीवरच्या एका जुन्या मुनीमांना वाचायला दिले होते. चाळीसेक हंगाम त्यांनी विटा मोजल्या आहेत. आठ दिवसांनी कागद परत आले. सामान्य घटीच्या तक्त्यात मी 'पाच टक्के' लिहिले होते, त्यावर पेन्सिलीने काट मारून त्यांनी बाजूला लिहिले होते : 'नदीकाठच्या मातीला सात. माळाच्या मातीला चार. तुम्ही कुठली घेतली?' छापील तक्त्यात आता मातीचा एक रकाना वाढवला आहे.

वज्रेश्वरी